ताई, माझे पीस दीड मिनिटातच संपतात

पत्र:

ताई नमस्कार. मी ३१ वर्षांचा, नाशिकला असतो, दिवसभर इन्शुरन्सचे क्लेम बघतो आणि रात्री म्युझस्कोअर (स्कोअर, म्हणजे स्वरलेखन, लिहायचं सॉफ्टवेअर) उघडून बसतो. पियानोच्या आठव्या ग्रेडपर्यंत परीक्षा दिल्यात, पण घरात आजीची पेटी होती त्यामुळे कान आधी हिंदुस्थानीवर तयार झालाय. प्रॉब्लेम असा की मी जे काही लिहितो ते एक-दीड मिनिटात आटपतं. लॅपटॉपवर ‘अपूर्ण’ नावाचा फोल्डर आहे, त्यात ४३ फायली झाल्यात. ज्यांच्याकडे कंपोझिशन शिकतो ते सर म्हणाले, ‘हे रिंगटोन आहेत, आधी दहा मिनिटांचं काहीतरी लिहून आण.’ ताणून बघितलं, चिंगम झालं. आपल्या संगीतात तर छोटं काही नाहीच, ख्याल तासभर चालतो. परदेशातल्या एका फेस्टिवलला एक मिनिटाचा पीस पाठवला होता, त्यांच्याकडून साधं ‘नाही’सुद्धा आलं नाही. तर मोठं कसं लिहायचं, राग वापरू का की ते गिमिक वाटेल, आणि असलं वाजवणार कोण? तीन पीस जोडतोय.
— दीडमिनिट्या, नाशिक

उत्तर:

अरे दीडमिनिट्या,

तुझे तिन्ही पीस आधी प्रिंट काढून वाचले आणि मगच ऐकले, कारण म्युझस्कोअरचा प्लेबॅक फार खोटारडा असतो, त्याला दम लागत नाही, त्याचा हात भरून येत नाही आणि शांततेत तर तो नुसता बंद पडल्यासारखा वाटतो. छोट्या पीसमध्ये निम्मा जीव त्या शांततेत असतो, म्हणून सवय लाव, आधी कागदावर बघायचं, डोक्यात वाजवायचं, पायाने ठेका धरून मोजायचं, आणि मग स्पेसबार दाबायचा.

आता सरांचं. सर निम्मे बरोबर आहेत, पण औषध चुकीचं दिलंय. रिंगटोन म्हणजे काय रे, तर कुणीतरी फोन उचलून मधेच तोडणार हे गृहीत धरून बनवलेली गोष्ट. तिला शेवट नसतोच, लागतच नाही. तुझ्या सतरा नंबरच्या पीसचं तेच झालंय. शेवटचे पाच बार (मापं) नुसतं हळू हळू हळू करत नेलंयस आणि मग डबल बार, म्हणजे शेवटची दुहेरी रेघ, मारलायस, म्हणजे पीस संपला नाही, तू उठून गेलास. सरांना हे नक्की ऐकू आलं असणार, फक्त त्यांनी त्याचा अर्थ ‘छोटं आहे’ असा लावला. माझ्या मते तो छोटा नाहीच, लांब आहे. चौऱ्याण्णव सेकंद आहेत, त्यातले मला चाळीस पुरतात. थांब, दाखवते.

फाईल उघड, ‘१७_पाऊस_फायनल_२’ (ही फायनल-दोन वाली नावं सगळ्यांचीच असतात, माझ्याकडे एक ‘फायनल_खरंच’ आहे). क्लॅरिनेट आणि पियानो, फोर-फोर (बारला चार बीट, म्हणजे चार मात्रा), टेम्पो ६६ (मिनिटाला ६६ बीट), एकूण २६ बार. क्लॅरिनेट खालचा ई हा सूर धरून ठेवतो, अगदी हळू, आणि वर पियानोच्या टोकाच्या पट्ट्यांवर ई आणि एफ एकत्र, एकदाच, ठिणगीसारखे. पहिल्या बारमध्ये ठिणगी पहिल्या बीटवर पडते, दुसऱ्या बारमध्ये दुसऱ्यावर, तिसऱ्यात तिसऱ्यावर, चौथ्यात चौथ्यावर. म्हणजे तू दर पाच बीट्सनी ती टाकतोयस, चाराच्या मापात पाचाची चाल. हे तू मुद्दाम केलंस की आजीच्या पेटीशेजारी बसून बसून हातात आलं मला माहीत नाही, पण कसलं भारी आहे! आता मोज पुढे. एक, सहा, अकरा, सोळा, आणि त्यानंतर एकवीस. एकविसावा बीट कुठे येतो? सहाव्या बारच्या पहिल्यावर. म्हणजे पाचवा बार अख्खा रिकामा. तुझ्या गणितानेच तो रिकामा सोडलाय, ठिणगी तिथे पडूच शकत नाही, आणि ऐकणारा तोपर्यंत ‘दर बारला एक’ अशी सवय लावून बसलाय, तर तो त्या बारमध्ये कान टवकारून वाट बघणार. तालात वाढलेल्या माणसाला तर ते पोटात जाणवेल, सम कुठे गेली म्हणून.

आणि तू काय केलंस? पाचव्या बारमध्ये डाव्या हाताचा आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक) घातलास.

मी सांगते का घातलास. रिकामा बार स्क्रीनवर बघून घाबरलास. आम्ही सगळेच घाबरतो, वाटतं समोरचा म्हणेल याला सुचलं नाही. आर्पेजिओ आला की त्याला काहीतरी करायला लागतं, म्हणून नवव्या बारला नवीन ट्यून, ती कुठे जाईना म्हणून पंधराव्याला आणखी एक, आणि बाविसाव्यापासून ते फेड-आउट. म्हणजे पाचव्या बारमधल्या एका भीतीपायी पुढचे एकवीस बार लिहिलेयस.

मी केलं असतं ते असं (माझं ऐकूच असं नाही, पण करून बघ). पाचवा बार पियानोला मोकळा. क्लॅरिनेटही त्या बारच्या दुसऱ्या बीटनंतर सोडून दे, तसाही त्याने ६६ च्या टेम्पोत सोळा-सतरा सेकंद एक सूर धरलेला असेल, बिचाऱ्याला श्वास घ्यायला जागा पाहिजे. जवळजवळ दोन सेकंद हॉलमध्ये काहीच नाही. मग सहाव्या बारला पुन्हा पहिल्या बीटवर ठिणगी, पण या वेळी क्लॅरिनेट ई-फ्लॅटवर, फक्त अर्ध्या सुराने खाली. वरचे दोन सूर तेच, पण खालचा सूर सरकल्यामुळे त्यांचा रंग बदलतो. पुन्हा तीच चाल, पुन्हा दहावा बार आपोआप रिकामा. आता ऐकणाऱ्याला कायदा कळलाय, अकराव्याच्या पहिल्या बीटवर पियानो येणार हे त्याला ठाऊक आहे. तिथे पियानो आणू नकोस. क्लॅरिनेटला आण, एकट्याला, डीवर, छोटा, जेमतेम ऐकू येईल असा. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा तो तळाचा सूर, त्याच्याखाली विहिरीत पाणी नाही. संपलं. अकरा बार, चव्वेचाळीस बीट्स, चाळीस सेकंद. आणि कुणी म्हणणार नाही की हे अर्धवट आहे, कारण जे मांडलं ते पुरं झालं आणि वर एकदा फसवूनही झालं.

कापलेले एकवीस बार फेकू नकोस, पंधराव्या बारची ट्यून चांगली आहे, ती दुसऱ्या कुठल्या तरी पीसची आहे, इथे चुकून आलीय.

बरं, तू एकटाच नाहीयेस यात. व्हिएन्नात कंपोझर अँटोन वेबर्नने १९११ ते १९१३ च्या दरम्यान स्ट्रिंग क्वार्टेटसाठी (दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो) सहा बागातेल म्हणजे छोटे सुटे पीस लिहिले, ओपस (रचना क्रमांक) ९, सहा मिळून चारेक मिनिटं. त्या काळात त्याला आणि त्याचा गुरू शोनबर्गला जुन्या पट्टीचा, मेजर-मायनरचा आधार सोडून द्यायचा होता, आणि तो सोडला की प्रश्न असा की मग पीस उभा कशावर राहणार, लांब जाणार कशाच्या जोरावर? वेबर्नने पुढे एका लेक्चरमध्ये सांगितलंय की बागातेल लिहिताना त्याला असं वाटायचं की बाराही सूर एकदा येऊन गेले की पीस संपला, आता आणखी काय बोलायचं. मला हे फार प्रामाणिक वाटतं. त्याने ताणलं नाही. तुझ्या चिंगमच्या वेळी हे आठवायला पाहिजे होतं.

शोनबर्गचे ओपस १९ चे सहा छोटे पियानो पीस तर तू वाजवू शकशील, आठव्या ग्रेडच्या हाताला जमतात. पहिले पाच त्याने एकाच दिवशी लिहिले, १९ फेब्रुवारी १९११ ला. दुसऱ्या पीसमध्ये जी आणि बी, एवढे दोनच सूर एकत्र, सुटे सुटे, टोचल्यासारखे वाजत राहतात, नऊ बारभर, आणि बाकी सगळं त्यांच्या भोवती येऊन जातं. एक खिळा भिंतीत आणि त्याला काय काय टांगून बघितलंय असं. सहावा त्याने त्याच वर्षी १७ जूनला लिहिला, कंपोझर माहलर जाऊन तेव्हा महिना झाला होता. तोही नऊच बारचा, आणि शेवटी त्याने लिहून ठेवलंय, श्वासासारखं वाजवा. पियानोवर श्वासासारखं कसं वाजवायचं ते तुझं तू बघ, मला पंधरा वर्षांत दोनदा जमलंय.

आणि त्याच्याही आधीचं हवं असेल तर शोपँचा ए मेजर प्रिल्यूड (छोटा सुटा पीस), ओपस २८ मधला सातवा, तुला येतही असेल. सोळा बार. एकच ऱ्हिदम आठ वेळा. लहान मुलं वाजवतात, आणि तरी बाराव्या बारला तो अचानक एक एवढा पसरट कॉर्ड टाकतो की हात ताणावा लागतो, तिथून पुढे चार बारात घरी. सोळातला बारावा, म्हणजे पाऊण रस्त्यावर. छोट्या पीसमध्ये अशी एकच जागा पुरते, तूही तुझ्या ४३ फायलींमध्ये बघ की ती एक जागा कुठेय. ज्यात सापडेल तो पीस जगेल. ज्यात चार सापडतील त्यात गडबड आहे.

रागाचं विचारलंस. तुझा बावीस नंबर, ‘यमन प्रिल्यूड’, ऐकला आणि खरं सांगू, हॉटेलच्या लॉबीत बसल्यासारखं वाटलं. डावीकडे गुळगुळीत मेजर सेव्हन्थ कॉर्ड, वर तीव्र मध्यम, झाला यमन. गिमिक राग वापरल्याने होत नाही, रागाची पाटी लावून आत नेहमीचाच माल ठेवला की होतं. रागाचे सूर उचलू नकोस, रागाची एखादी वागणूक उचल.

मारव्याचं बघ ना. पंचम नाहीच, कोमल रिषभ आणि धैवत घेऊन बसायचं, आणि षड्जाला ताटकळत ठेवायचं. गवई षड्ज टाळत टाळत फिरतो, तानपुऱ्यात तो वाजतोय, आपल्याला तो हवाय, आणि शेवटी एकदाचा लागतो तेव्हा जीव भांड्यात पडतो. आता हे शेजारी ठेव: हंगेरीत लिगेटी नावाच्या कंपोझरने १९५१ ते ५३ मध्ये ‘म्युझिका रिचेरकाता’ नावाचे अकरा पियानो पीस लिहिले. पहिल्या पीसमध्ये फक्त एक सूर, ए. वरचा ए, खालचा ए, जोरात, हळू, घाईत, सगळे सप्तक पालथे घातले पण सूर एकच. आणि अगदी शेवटी, एकदाच, डी. तो डी लागतो तेव्हा कळतं की आपण इतका वेळ कशाची तरी वाट बघत होतो. पुढच्या पीसमध्ये तीन सूर, असं वाढवत वाढवत अकराव्यात बाराही. लिगेटीला मारवा माहीत असण्याचं काही कारण नाही, पण कुणालातरी मुद्दाम ताटकळत ठेवायचं ही युक्ती तीच आहे, आणि तुला ती आजीच्या घरात फुकट मिळालीय. तर होमवर्क घे: एक पीस, एक मिनिटाच्या आत, ज्यात एक ठरावीक सूर शेवटपर्यंत येणार नाही. वर कुठेही ‘मारवा’ लिहायचं नाही. आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घ्यायची असेल तर पियानोला त्रास देऊ नकोस, चेलो घे.

आपल्या संगीतात छोटं काही नाही, ख्याल तासभर चालतो, असं जे तुझ्या पत्रात मधेच ओझरतं आलंय ना, ते मला पटलं नाही. ७८ आरपीएमच्या रेकॉर्डच्या एका बाजूला तीन मिनिटं आणि वर थोडं, एवढंच मावायचं, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यात काय काय मांडून ठेवलंय ते ऐक. केसरबाई केरकर, आपल्या गोव्यातल्या केरीच्या, मैफलीत एकेक राग किती वेळ रंगवायच्या, पण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून जी तबकडी अंतराळात पाठवली तिच्यावर त्यांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांच्या आसपास. कुणी म्हणत नाही की परग्रहवासीयांना डेमो पाठवला म्हणून. मला त्या जुन्या रेकॉर्ड्समध्ये मजा याची वाटते की त्यात आलाप कापलेला वाटत नाही, गवयाने आधीच ठरवलंय काय सांगायचं नाही ते.

आता तुझा पहिला प्रश्न, मोठं कसं लिहायचं. दोन रस्ते आहेत. एक खरोखर मोठ्या फॉर्मचा, तो सरांकडे शिक, त्यांना तो येत असणार, आणि शिकायला काही हरकत नाही, फक्त ते ‘आधी’ करायला पाहिजे हे मला मान्य नाही. दुसरा रस्ता म्हणजे छोटे छोटे मिळून एक माळ करायची. पण माळ म्हणजे ४३ फायली एकामागे एक लावून पीडीएफ करणं नव्हे हं.

यातला माझा देव म्हणजे हंगेरीचाच कंपोझर ज्योर्ज कुर्टाग. तिशी उलटलेली, हातून काही लिहून होईना अशा अवस्थेत तो १९५७-५८ मध्ये पॅरिसला होता, तिथे मारियान स्टाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला सांगितलं की अगदी साध्यापासून सुरू कर, दोन सूर जोडून बघ. एवढंच. तिथून तो परत उभा राहिला. पुढे १९७३ पासून त्याने ‘याटेकोक’ म्हणजे ‘खेळ’ नावाने पियानोचे छोटे पीस लिहायला घेतले, त्यात काही मोजून सात-आठ सुरांचे आहेत, काहींत पट्ट्यांवर तळहात आपटायचा, कोपर टेकवायचं, लहान मूल पहिल्यांदा पियानोपाशी जातं तसं. तो आणि त्याची बायको मार्ता म्हातारपणापर्यंत हे स्टेजवर जोडीने वाजवायचे, साध्या उभ्या पियानोवर, आवाज दाबायचं पेडल लावून, मधे मधे बाखचे पीस पेरत. व्हिडिओ आहेत, बघ, एकमेकांच्या हातावरून हात जातात, बघताना आपणच लाजतो. त्याचे ‘काफ्का फ्रॅगमेंट्स’ म्हणजे सोप्रानो आणि व्हायोलिन, चाळीस तुकडे, काही अर्ध्या मिनिटाच्याही आत संपणारे, आणि सगळं मिळून तासाभराचं काम. तासाभराचं! सरांना सांग.

माळ करताना क्रम हा निम्मा कंपोझिशनचा भाग असतो. दोन हळू पीस शेजारी आले की दुसरा मरतो. एक वीस सेकंदांचा आणि पुढचा तीन मिनिटांचा असेल तर तीन मिनिटांचा एकदम ऐसपैस वाटायला लागतो. दोन पीसच्या मधे किती थांबायचं ते स्कोअरमध्ये लिही, सेकंदात लिही, ‘न थांबता पुढे’ असेल तर तसं लिही, वादकावर सोडू नकोस. हे मी पोळून शिकलेय. पुण्यात एका छोट्या हॉलमध्ये माझे पाच पीस होते, चेलो आणि पियानो, सगळ्यात छोटा पंचवीस सेकंदांचा, आणि सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी प्रत्येकाआधी दीड-दोन मिनिटं बोलून घेतलं, पाऊस, माती, स्त्रीमनाचे हुंकार वगैरे (मी यातलं काहीही सांगितलं नव्हतं), मग पंचवीस सेकंद संगीत, मग टाळ्या, टाळ्या पंचवीस सेकंदांपेक्षा जास्त, मग परत बाई. चौथ्या पीसला चेलोवाला माझ्याकडे बघून हसायला लागला. घरी येऊन मी रडले, आणि दुसऱ्या दिवशी स्कोअरच्या पहिल्या पानावर वरती लिहिलं, पाचही सलग, मधे धनुष्य खाली ठेवू नये. बो हवेत आहे तोपर्यंत लोक टाळ्या वाजवत नाहीत, कुठेही. फुकट टिप देतेय.

वाजवणार कोण. हा खरा रडायचा प्रश्न आहे, कारण नाशिकला क्लॅरिनेट शोधायचा म्हणजे आधी बँडवाल्यांकडे जावं लागेल. पण जा ना! लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला स्कोअर वाचत नसेल कदाचित, पण खालचा सूर हळू धरून ठेव आणि मी मान हलवली की सोड, एवढं त्याला कळेल, आणि सतरा नंबरला तेवढंच लागतं. चाळीस सेकंदांच्या पीसची हीच मजा, समोरच्याकडे अर्धा तास मागायचा, जास्त नाही, आणि अर्ध्या तासात तो खरंच नीट बसतो. दहा मिनिटांचा पीस घेऊन गेलास तर त्याला तीन तालमी लागतील आणि तिसरीला तो येणार नाही. मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची माणसं असतात, गोव्यात कला अकादमीत वेस्टर्न म्युझिकचं शिक्षण चालतं, तिथल्या विद्यार्थ्यांना परीक्षेबाहेरचं काहीतरी वाजवायला हवं असतं, विचारून बघ. आणि आजीची पेटी? पाठवलेल्या तिन्हींपैकी एकही पेटीसाठी नाही याचं मला आश्चर्य वाटलं. भाता सोडला की सूर कसा मरत जातो ते तुझ्याइतकं कुणाला माहितीय.

फेस्टिवलने उत्तर दिलं नाही याचं फार मनावर घेऊ नकोस, बहुतेक जण देत नाहीत, मला एकदा अकरा महिन्यांनी उत्तर आलं होतं आणि तेही दुसऱ्याच कुणाच्या नावाने. एन्ट्री फी मागत असतील तर दोनदा विचार कर. पण एक मिनिटाचे पीस मागवणारे कॉल शोधत राहा, ते असतात. न्यूयॉर्कच्या व्हॉक्स नोव्हस या संस्थेने साठ कंपोझर, प्रत्येकी साठ सेकंद, असा तासाभराचा ‘सिक्स्टी बाय सिक्स्टी’ कार्यक्रम २००३ पासून केला, आणि त्यांचाच दुसरा प्रकार, एका वादकासाठी पंधरा जणांचे पंधरा एकेक मिनिटांचे पीस. कल्पना तशी जुनीच आहे, १८१९ मध्ये डियाबेली नावाच्या व्हिएन्नाच्या प्रकाशकाने आपला एक वॉल्ट्झ गावभरच्या कंपोझर्सना पाठवला, प्रत्येकाने त्याचं एक व्हेरिएशन (बदललेलं रूप) द्या म्हणून, पन्नास जणांनी दिलं, त्यात शूबर्ट होता, पोरसवदा फ्रान्झ लिस्ट होता, आणि बेथोव्हनला एक मागितलं तर तो तेहतीस लिहून बसला. तुझ्या सरांचा आवडता असणार तो.

आणि व्हायोलिनवादक हिलरी हानचं ‘इन ट्वेंटी-सेव्हन पीसेस’ जरूर ऐक, २०१३ चा अल्बम आहे. तिने सव्वीस जणांकडून छोटे एन्कोअर पीस (कार्यक्रम संपल्यावर जादाचे वाजवायचे) लिहून घेतले आणि सत्ताविसाव्यासाठी खुली स्पर्धा ठेवली, चारशेवर लोकांनी पाठवले, त्यातला एक निवडला. त्या सव्वीसात आपल्या कला रामनाथ आहेत, हिंदुस्थानी व्हायोलिनच्या, त्यांचा ‘आलाप अँड तराना’. राग वापरू का या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेही मिळेल. ऐकताना हे बघ की आलापाला किती वेळ दिलाय आणि तराना कुठे सुरू होतो, घड्याळ लावून बघ, लाजू नकोस.

पाठवताना स्कोअरवर ड्युरेशन खरं लिही. तू सतरा नंबरवर ‘अंदाजे २ मिनिटे’ लिहिलंयस, ते चौऱ्याण्णव सेकंद आहेत, आणि मोठं दाखवायला म्हणून फुगवलंयस हे बघणाऱ्याला पहिल्या पानावरच कळतं. आणि ‘पाऊस’ नाव काढ बाबा. त्या ठिणग्या पावसासारख्या नाहीतच, पाऊस असा दर पाच बीट्सनी पडत नाही.

राहिला एकतीस नंबर, स्ट्रिंग क्वार्टेटचा. तो मी तीनदा वाचला. व्हायोला पहिल्या बारपासून एक गोष्ट सांगतोय आणि दोन्ही व्हायोलिन त्याला ऐकूच देत नाहीयेत, चेलो अजून आलेलाच नाही, आणि एक मिनिट पाच सेकंदांना तू डबल बार मारलायस. हा कापू नकोस, याला हात लावू नकोस, याचा शेवटही शोधू नकोस इतक्यात. हा खरंच मोठ्या पीसचा सुरुवातीचा भाग आहे, याला दहा-बारा मिनिटं लागतील आणि तुला बहुतेक वर्ष लागेल. हा सरांकडे घेऊन जा. सतरा मला परत पाठव, पाचवा बार रिकामा ठेवून.

— ताई